तळ्यात बुडी कुणाची?

गोंदिया जिल्ह्याला समुद्र नाही. त्यामुळे इथे कुणी स्कूबा डायव्हिंगचं नाव काढलं की दोनच प्रकारचे आवाज ऐकू येतात. पहिला हसण्याचा: चिखलात उतरून काय बघणार, बेडूक? दुसरा उत्साहाचा: भारी आयडिया! नवेगावबांधला सेंटर काढा, नागपूर-पुण्याची गर्दी येईल, रील्स व्हायरल होतील, जिल्हा नकाशावर येईल.

हसणारे आणि नाचणारे एकमेकांचे विरोधक वाटतात. प्रत्यक्षात दोघांचं एका गोष्टीवर एकमत आहे: तळं म्हणजे वरून दिसणारं पाणी. एकाला ते फोटोसाठी पुरेसं वाटत नाही, दुसऱ्याला पुरेसं वाटतं, एवढाच फरक.

माझं म्हणणं सरळ आहे. गोंदियाच्या तळ्यांत स्कूबा आलं पाहिजे. पण ते आधी इथल्या ढीवरांच्या पोरापोरींच्या हातात, कामाचं कौशल्य म्हणून आलं पाहिजे. तसं होणार नसेल, तर पर्यटकांसाठीही नको.

आधी हसणाऱ्यांशी बोलू. पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. १९९९मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा या तलावांच्या मुलखाच्या मधोमध बसलेला आहे. नवेगावबांधचा सुमारे ११ चौरस किलोमीटरचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळीने बांधला. भोवतीच्या सात टेकड्यांना सातबहिणी म्हणतात, आणि कोलू पाटलाचा लोकांनी कोलासुर देव केला. बांध घालणाऱ्या माणसाला ज्या मुलखाने देवपण दिलं, त्याच मुलखात आज तळ्याला 'डबकं' म्हणणारी पिढी तयार झाली आहे.

या पाण्याखाली काय आहे? हायड्रिला आहे, सेरॅटोफायलम आहे, पट्टीसारख्या लांब पानांची वॅलिसनेरिया आहे. ही पाण्यातली झाडं गाळ धरून ठेवतात. त्यांच्यात मासे अंडी घालतात, पिल्लं लपतात, बदकं त्यांच्यावर जगतात. उथळ तळ्याचं पाणी नितळ राहणार की गढूळ होणार, हे बऱ्याच अंशी याच झाडांवर ठरतं. ती गेली की वारा आणि लाटा गाळ ढवळतात, उजेड तळापर्यंत पोचत नाही, आणि उजेड नाही म्हणून झाडं परत उगवत नाहीत. तळं एकदा या फेऱ्यात अडकलं की बाहेर निघणं कठीण. 'पाण्यात काही दिसत नाही' हे वाक्य म्हणूनच विनोद नसतो. ते त्या तळ्याच्या तब्येतीचं निदान असतं.

आणि हे बिघडलं कसं? १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. मालगुजारीचे गोडवे गाण्याचं कारण नाही. ती विषमतेवर उभी होती. पण पाळ, तुडूम, पाट यांची गावाने करायची देखभाल तिच्याबरोबर विस्कटली आणि सरकारने तिची जागा भरली नाही. मग काठाकाठाने बेशरम माजली. जास्त उत्पादनासाठी बाहेरचं मत्स्यबीज सोडलं गेलं. त्यात गवत्या मासा आला, जो पाण्यातली झाडंच खातो. हे सगळं पाण्याखाली घडत होतं. जंगल तुटलं तर खुंट दिसतात. तळ्यातलं जंगल गेलं तर वरून पाणी तसंच चमकत राहतं.

ते ज्यांना दिसलं, ते ढीवर होते. कारण जाळ्यात काय येतं आणि काय येईनासं झालं, याचा हिशोब त्यांच्या चुलीवर होतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवरांच्या सहकारी संस्थांसोबत आणि बायकांच्या गटांसोबत तळ्यांत पुन्हा देशी वनस्पती लावल्या. बेशरम उपटली, तळ नांगरला, रोपं आणून लावली. हे ज्ञान पुस्तकातून आलं नव्हतं. कुठलं झाड कुठल्या मातीत आणि किती पाण्यात रुजतं, कुठला मासा कुठल्या झाडात राहतो, हे पिढ्यान् पिढ्या पाण्यात उभं राहून कमावलेलं होतं.

आता उत्साही मंडळींकडे वळू. समजा, उद्या नवेगावबांधला पर्यटकांचं स्कूबा सेंटर निघालं. मामा तलाव बहुतेक उथळ असतात आणि तळाला मऊ गाळ असतो. ज्याला पाण्यात तरंगतं राहण्याचा तोल जमत नाही, असा नवखा माणूस दोनदा फिन्स मारेल आणि मागे गढूळ ढग सोडून जाईल. असे पन्नास जण रोज उतरले, तर जे बघायला आले तेच त्यांनी पुसून टाकलेलं असेल.

ही कल्पनेतली भीती नाही. ऑस्ट्रियात ग्र्युनर झे नावाचं छोटं तळं आहे. वसंतात बर्फ वितळलं की तिथली बाग पाण्याखाली जाते. बाक, पायवाटा, झाडं, सगळं हिरव्या पाण्यात बुडतं. ते फोटो जगभर फिरले, डायव्हर्सची रीघ लागली, आणि २०१६मध्ये तिथे डायव्हिंगवर बंदी घालावी लागली. युरोपातल्या श्रीमंत देशाला गर्दी आवरता आली नाही. आपण उन्हाळ्यात बोटिंगच्या रांगेतल्या प्लास्टिकच्या बाटल्या आवरू शकत नाही.

त्याच युरोपात दुसरंही उदाहरण आहे. झुरिकच्या तळ्यात हजारो वर्षांपूर्वीच्या वस्त्यांचे लाकडी खांब गाळात टिकून आहेत. त्यांच्या अभ्यासासाठी शहराच्या पुरातत्त्व खात्याचं स्वतःचं डायव्हिंग पथक आहे. म्हणजे डायव्हिंग ही नळ दुरुस्तीसारखी, मोजणीसारखी सार्वजनिक सेवाही असू शकते. गोंदियाला हे दुसरं उदाहरण हवं आहे.

कारण गोंदियात बुडी मारणारी माणसं आजही आहेत, फक्त त्यांच्या पाठीवर सिलिंडर नाही. विसर्जनाला, पोळ्याला, सुट्टीच्या दिवशी कुणी बुडालं की काठावर गर्दी जमते, मोबाइल वर होतात, आणि मग हाक जाते, "ढीवरांना बोलवा." देशात दरवर्षी तीस हजारांहून जास्त माणसं बुडून मरतात. राज्य आपत्ती प्रतिसाद दल नागपूरला आहे. तिथून अर्जुनी मोरगावच्या एखाद्या गावात पोचायला तास जातात. तोवर गावचा माणूस एका श्वासावर खाली जातो. पुन्हा जातो. खाली जुनी जाळी असतात, झाडांचे खुंट असतात, धरणाच्या दरवाज्यापाशी माणसाला ओढून धरणारा पाण्याचा दाब असतो. खोल खोल श्वास घेऊन वारंवार बुडी मारली की पाण्यातच शुद्ध हरपू शकते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. प्रेत वर आलं की पंचनामा होतो. बुडी मारणाऱ्याचं नाव बातमीत 'स्थानिक मच्छीमार' एवढंच येतं.

इथे एक खोटं आधीच बाजूला ठेवू. स्कूबाने बुडणाऱ्याचा जीव वाचेल, असं म्हणणं फसवणूक आहे. श्वास बंद पडल्यावर मेंदूकडे काही मिनिटंच असतात. सिलिंडर चढवेपर्यंत ती संपलेली असतात. जीव वाचवतात काठावरची दोरी, हवा भरलेली ट्यूब, पोहता येणं आणि छातीवर दाब देता येणं. स्कूबाने वाचतो तो शोधायला उतरणाऱ्याचा जीव. आणि घरच्यांची दोन-दोन दिवस काठावर बसून राहण्याची यातना कमी होते. एवढंच, पण हे थोडं नाही.

'ढीवरांना स्कूबा कशाला शिकवायचं, ते तर जन्मतःच पोहतात,' असं म्हणणारेही भेटतील. हा कौतुकाच्या वेष्टनातला कामचुकारपणा आहे. पाण्याखाली दाबाखालची हवा श्वासात घेऊन ती रोखून वर येणाऱ्याचं फुप्फुस दोन-तीन मीटरवरही फाटू शकतं. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो. गोड्या पाण्याची घनता समुद्राहून कमी, म्हणून कमरेची वजनंही वेगळी लावावी लागतात. हे रक्तातून येत नाही, प्रशिक्षणातून येतं. आणि ते राज्यात उपलब्ध आहे. पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था तारकर्लीला आहे, आणि मालवणच्या किनाऱ्यावर मच्छीमार घरांतले तरुण या व्यवसायात आहेत. मालवणच्या पोराला जे शिकता येतं, ते अर्जुनीच्या पोरीला का नाही? तीही मच्छीमाराचीच लेक आहे, याच राज्याची आहे.

म्हणून मागणी अशी: प्रत्येक तालुक्यातून ढीवर संस्थांनी निवडलेले तरुण-तरुणी तारकर्लीला पाठवा, खर्च सरकारने करावा. परतल्यावर त्यांना जिल्ह्याच्या बचाव यंत्रणेत मानधन, विमा आणि साधनं द्या. पावसाचा गाळ बसल्यावर, पक्ष्यांच्या जागा टाळून, त्यांच्याकडून तळ्यांची पाहणी करून घ्या: झाडं कुठे उरली, गाळ किती चढला, तुडूम आतून कसं आहे. पाहणीची नोंद मराठीत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. आणि यातून पुढे एखाद्या तळ्यात चार पाहुण्यांना खाली नेता येईल असं त्यांना वाटलं, तर निर्णय त्यांचा, दर त्यांचा, आणि 'आज बंद' म्हणण्याचा हक्कही त्यांचा.

मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधचं जंगल आणि पाखरं मराठी वाचकांच्या घरात आणली. पाण्याखालच्या नवेगावबांधबद्दल मराठीत अजून फार थोडं लिहिलं गेलं आहे. ते जो कुणी लिहील, त्याचं किंवा तिचं आडनाव मेश्राम, नान्हे, कांबळे, काहीही असो; त्या माणसाने ते तळं आतून पाहिलेलं असावं, आणि वर आल्यावर त्याची मजुरी कुणी बुडवलेली नसावी.