माळवद पाडण्याआधी

कन्नड, फुलंब्री, सिल्लोड भागातल्या कुठल्याही जुन्या गावठाणात फेरी मारा. माळवदाचे घर पाडलेले, दगड एका बाजूला रचलेले आणि सागवानी खांब-तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याच्या गाडीत, हे चित्र कुठे ना कुठे दिसतेच. जागेवर पत्रा नाही तर स्लॅब येतो. पक्क्या घराचा आनंद आहे आणि तो असावा. पण आपण नेमके काय पाडतो, ते तरी बघाल की नाही?

माळवद म्हणजे खांबांवर तुळया, तुळयांवर किलचन, त्यावर पाला आणि सगळ्यात वर पांढरी माती. काळी पेरायची आणि पांढरी राहायची, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. काळी माती पाण्याने फुगते, वाळली की भेगाळते, म्हणून ती माळवदाला चालत नाही. पांढरी चोपून बसते आणि पाणी पन्हाळातून खाली जाते. दोन-अडीच फुटांच्या दगडी भिंती असल्यावर वैशाखातले ऊन आत पोचेपर्यंत दिवस कलतो. धूर जायला आणि उजेड यायला वर साणे. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, आणि घर किती मोठे ते खणांवरून सांगायचे. भिंतीतच बळद, त्यात वर्षाची ज्वारी. ढाळजेत औते, बाजूला जनावरे. राहते घर आणि शेतीचे गोदाम एकाच छपराखाली होते.

तुम्ही म्हणाल, किल्लारी विसरलात का? नाही विसरलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद (आता धाराशिव) भागात हजारो माणसे गेली, ती बहुतांशी अशाच घरांखाली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. तेव्हापासून माळवद म्हटले की मरण, असे मराठवाड्याच्या मनात बसले. ही भीती खोटी नाही. पण दोष कुठे होता ते बघा. भिंतीला आतून एक आणि बाहेरून एक असा दगडांचा थर, मध्ये माती-कपच्यांची भर, आणि दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगडच नाही. धक्का बसला की भिंत उकलली. वरून दरसाल मृगाआधी नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही. शंभर चौरस फूट माळवदावर फूटभर माती म्हणजे चाळीस-पंचेचाळीस क्विंटल ओझे. काही घरांवर दोन-दोन फूट साचलेली होती! पुष्कळ ठिकाणी भिंती पडल्या आणि लाकडी सांगाडा उभा राहिला, हेही तेव्हा पाहणाऱ्यांनी नोंदवले आहे.

भूकंपानंतर तंत्रज्ञांनी उपायही सांगितले होते. छपरावरची माती सात-आठ इंचांवर आणायची आणि गळू नये म्हणून प्लॅस्टिकचा कागद घालायचा. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचा सांधा भरायचा. खांब-तुळईच्या कोनात तिरके टेकू ठोकायचे. ज्या भिंतीला पोट आले आहे ती मात्र राखत बसू नका, उतरवाच. तिथे हौस नको.

माझा खरा मुद्दा धान्याचा आहे. २०१६ पासूनच्या केंद्राच्या घरकुल योजनेत किमान जागा धरली आहे ती स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे पावणेतीनशे चौरस फुटांच्या आत. त्यात माणसे झोपायची की मक्याची पोती रचायची? मका खळ्यावर १४ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवा, असे आम्ही शिबिरात सांगतो. शेतकरी विचारतो, 'वाळवला साहेब, पण ठेवू कुठं?' उत्तर नसते. मग दिवाळीच्या तोंडाला, भाव पडलेला असताना, माल आडतीवर. काही जण राहत्या खोलीतच पोती रचून सेल्फॉसच्या गोळ्या ठेवतात. हा तर जिवाशी खेळ आहे, कृपा करून करू नका.

बाहेर काय करतात? इंग्लंडात ब्रिस्टलजवळ ब्लेझ हॅम्लेट नावाची नऊ घरांची छोटी वस्ती आहे. १८११ च्या सुमारास एका धनिकाने आपल्या जहागिरीवरच्या म्हाताऱ्या नोकरांसाठी ती जॉन नॅश या वास्तुविशारदाकडून बांधून घेतली. आज ती नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे आणि त्या घरांत भाडेकरू राहतात. माणसे राहतात म्हणून घरे टिकली. आपल्याकडे धनिक नाही, संस्था नाही, शेतकऱ्यालाच खिशातून करायचे आहे, हा फरक मोठा आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, घरकुलासाठी दुसरी जागा असेल तर जुन्या घराचे दोन-तीन धड खण ठेवा, हलके करा, धान्य-अवजारांना वापरा. ग्रामसभेत धान्याच्या खोलीचा विषय काढा. योजनेच्या नकाशात ती हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ज्यांना माती उतरवायची आहे त्यांनी हे काम पाडव्यानंतर, मृगाच्या आत उरकावे. तुळयांना वाळवी कुठवर लागली तेही त्याच वेळी कळते. तुळई पोकळ वाजली तर आधी खालून टेकू द्या, मग वरची माती काढायला माणूस चढवा.