डॉन ब्राऊन यांचा खरा दोष

मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे चाहते जमले आणि बोलणे बचावावर आले, की आजही डॉन ब्राऊन हे नाव निघते आणि लगेच दोन तट पडतात. 2016 ते 2020 अशी पाच वर्षे ब्राऊन या संघाचे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होते. बचावाची सारी आखणी त्यांच्या हाती होती. एक तट सांगतो की असा भेदक बचाव विद्यापीठाच्या गावाने, ॲन आर्बरने, फार वर्षांत पाहिला नव्हता. दुसरा म्हणतो, ओहायो स्टेट या कट्टर प्रतिस्पर्ध्याला एका वर्षी 62 आणि पुढच्या वर्षी 56 गुण देणाऱ्या माणसाचे कौतुक आम्हाला ऐकवू नका. नोव्ही, कॅन्टन, ट्रॉय इथल्या मराठी घरांत, जिथली मुले याच विद्यापीठात शिकतात, तिथेही मी हा वाद जेवणाची ताटे निवेपर्यंत चाललेला ऐकला आहे.

मला दोन्ही तटांचे म्हणणे पटत नाही. ब्राऊन यांच्यात दोष होता आणि तो मोठा होता. पण लोक ज्याला दोष म्हणतात तो हा नव्हे. आणि त्याचे सगळे खापर त्यांच्या एकट्याच्या माथ्यावर फोडणे हा तर सरळ अन्याय आहे.

आधी त्यांची पद्धत समजून घेऊ. अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. बहुतेक बचाव-प्रशिक्षक समोरचा काय करतो ते पाहून त्याला अडवतात. ब्राऊन यांना वाट पाहणे मंजूर नव्हते. अडचण आली की ती आक्रमकतेने सोडवा, हे त्यांचे ब्रीदच होते आणि ‘डॉक्टर ब्लिट्झ’ हे टोपणनाव त्यातूनच पडले. ब्लिट्झ म्हणजे, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकने तो फेकण्याआधीच पाच-सहा खेळाडू त्याच्या अंगावर सोडायचे. मागे उरलेल्यांनी एकेका रिसिव्हरला, म्हणजे चेंडू झेलणाऱ्याला, पहिल्या पावलापासून चिकटायचे आणि सगळ्यांच्या पाठीमागे बहुधा एकच राखणदार ठेवायचा. तीन स्लिप, गली आणि शॉर्ट लेग लावून टाकणाऱ्या वेगवान गोलंदाजासारखे हे आहे. बळी मिळतात, फलंदाज भांबावतो. पण चेंडू एकदा त्या कड्यातून सुटला की सीमारेषेवर कुणी नसते.

आता चाहत्यांचा पूर्वपक्ष. ते आकडे पुढे करतात, आणि आकडे खोटे नाहीत. मिशिगनला येण्याआधी, 2015 मध्ये, ब्राऊन यांचा बॉस्टन कॉलेजचा बचाव कमीत कमी यार्ड देण्यात देशात पहिला होता. तो संघ मात्र त्या हंगामात 3 सामने जिंकला आणि 9 हरला, इतके त्याचे आक्रमण दुबळे होते. मिशिगनमध्ये 2016 चा बचाव देशातल्या सर्वोत्तम बचावांत गणला गेला. त्यातले जवळजवळ सगळे नियमित खेळाडू पुढच्या वर्षी गेले. 2017 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत, मिशिगनचे एकूण 11 जण निवडले गेले. तरीही ब्राऊन यांनी नव्या मुलांना घेऊन तितकाच कडक बचाव उभा केला. शिकवणारा माणूस म्हणून त्यांची योग्यता सिद्ध करायला एवढे एक वर्ष पुरे आहे. 2018 मध्ये तर ईस्ट लॅन्सिंगला जाऊन त्यांनी मिशिगन स्टेटला संपूर्ण सामन्यात 94 यार्डांवर रोखले.

हे सगळे मान्य करूनही मी म्हणतो की यार्डांच्या सरासरीवर कोऑर्डिनेटर तोलणे चूक आहे. हंगामातले निम्म्याहून अधिक प्रतिस्पर्धी असे असतात, की त्यांचे खेळाडूच मिशिगनच्या खेळाडूंपुढे कमी पडतात. अशांवर सहा जण सोडले की क्वार्टरबॅक घाबरून चेंडू फेकून देतो आणि सरासरी सुंदर दिसते. पण मिशिगन सरासरीसाठी खेळत नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस ओहायो स्टेटविरुद्धचा सामना हाच त्याचा खरा हिशेब, आणि त्या सामन्याची तयारी समोरचा प्रशिक्षक वर्षभर मनात करत असतो. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा : तुमचा बेत आधीच ओळखलेला, तुमच्याइतकाच ताकदवान प्रतिस्पर्धी समोर आला, तर तुमच्याकडे काय आहे?

24 नोव्हेंबर 2018 ला ओहायो स्टेटच्या घरी, कोलंबसमध्ये, याचे उत्तर मिळाले. मिशिगन 10 विजय आणि एक पराभव घेऊन, चौथ्या मानांकनावर, कमी यार्ड देण्यात देशातला पहिला बचाव म्हणून तिथे गेला होता. उलट ओहायो स्टेटची आदल्या आठवड्यात मेरीलँडविरुद्ध 52-51 अशी दमछाक झाली होती. त्या दुपारी ओहायो स्टेटने जे केले ते काही गूढ नव्हते. मैदानाच्या दोन कडांवरून दोन रिसिव्हर निघायचे आणि पाच-सहा यार्डांवर एकमेकांना जवळजवळ खांदा घासून ओलांडायचे. प्रत्येकाच्या मागे मिशिगनचा एकेक खेळाडू चिकटलेला. त्या ओलांडण्याच्या गर्दीत मागचा माणूस अर्धे पाऊल अडखळायचा. मधला लाइनबॅकर आधीच क्वार्टरबॅकच्या अंगावर धावून गेलेला, त्यामुळे मधला पट्टा ओस. क्वार्टरबॅक ड्वेन हॅस्किन्सने चेंडू पटकन, धावत्या माणसाच्या पुढ्यात ठेवायचा आणि पॅरिस कॅम्पबेलसारख्या वेगवान माणसाने मोकळे मैदान पार करायचे. मध्यंतराला 24-19 असलेला सामना 62-39 वर संपला. हॅस्किन्सचे 31 पैकी 20 पास पूर्ण, 396 यार्ड, सहा टचडाऊन. 62 मधले 7 गुण मिशिगनची पंट, म्हणजे लाथेने उडवलेला चेंडू, अडवून मिळाले, हे ब्राऊन यांच्या बाजूने सांगायला हवे. पण एकूण 567 यार्ड दिल्यावर तेवढ्याने बचाव होत नाही.

इथे टीकाकार पुढे सरसावतात आणि म्हणतात : पाहा, माणसाला माणूस चिकटवण्याची ही पद्धतच कालबाह्य झाली. हे मात्र मी साफ नाकारतो. हीच पद्धत 2016 मध्ये त्याच कोलंबसमध्ये उभी राहिली होती. तो सामना मिशिगन 30-27 असा दुसऱ्या जादा डावात हरला, पण ठरलेल्या वेळेत ओहायो स्टेटचे 17 गुण होते आणि त्यांतले 7 तर पास पळवून थेट टचडाऊन केल्याचे. त्या संघातल्या जौर्डन लुईससारखा, रिसिव्हरला चिकटून राहणारा कॉर्नरबॅक असेल तर ही पद्धत आजही चालते, आणि पहिल्या दर्जाचे कित्येक बचाव ती वापरतात.

दुसरा आरोप हेकेखोरपणाचा. ब्राऊन काही शिकले नाहीत, बदलले नाहीत, असे सर्रास बोलले जाते. हेही खरे नाही. 2019 मध्ये त्यांनी झोनचा, म्हणजे माणसाऐवजी जागा राखण्याचा, वापर वाढवला. मॅडिसनमध्ये विस्कॉन्सिनच्या जोनाथन टेलरने 203 यार्ड धावून त्यांची पुरती लाज काढली, 35-14 असा पराभव झाला. त्यानंतर बचाव सावरला आणि ऑक्टोबरअखेरीस पावसात नोत्र दामला 45-14 असे लोळवले. पण ओहायो स्टेट ॲन आर्बरला आला तेव्हा ती नवी झोन अंगवळणी पडलेली नव्हती. त्यांचा क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्स याने वरून फेकून चार टचडाऊन केले, जे. के. डॉबिन्सने खालून धावत 211 यार्ड आणि आणखी चार. 56-27. एक औषध सोडले आणि दुसरे अर्धवट घेतले, असा तो प्रकार होता. पण याला न बदलणे म्हणता येत नाही.

मग दोष कुठे होता? त्यासाठी 27 नोव्हेंबर 2021 चा सामना पाहावा लागतो. ब्राऊन आदल्या डिसेंबरात गेले होते आणि त्यांच्या जागी बाल्टिमोर रेव्हन्स या एनएफएल संघातून माइक मॅकडॉनल्ड आले होते. वय 33, याआधी कुठेही कोऑर्डिनेटर नव्हते. मिशिगनने ओहायो स्टेटला 42-27 असे हरवले आणि ब्राऊन-विरोधकांना हवा तो पुरावा मिळाला. पण त्या दिवशीचा ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड याचा आकडा कुणी नीट वाचत नाही. त्याने 394 यार्ड फेकले! हॅस्किन्सचे 396, स्ट्राउडचे 394. म्हणजे मॅकडॉनल्ड यांनी ओहायो स्टेटचा पास थांबवला हे म्हणणेच फोल आहे. फरक आहे तो पुढच्या आकड्यात. हॅस्किन्सला तेवढे यार्ड 20 पासांत मिळाले, स्ट्राउडला 34 पास पूर्ण करावे लागले. एका पासामागे जवळजवळ 20 यार्ड मोजायचे ते 12 च्याही खाली आले. टचडाऊन पास सहाचे दोन झाले. धावून तर ओहायो स्टेटला 64 यार्डच मिळाले.

माझ्या मते साऱ्या वादाचे मर्म इथे आहे. 34 पास म्हणजे चूक व्हायच्या 34 संधी. मिशिगनच्या एडन हचिन्सनला क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचायला निदान तेवढ्या वेळा सुरुवात करता आली आणि त्याने त्या दिवशी तीनदा स्ट्राउडला पाडले. मॅकडॉनल्ड सहा जण पुढे उभे करून चारच सोडायचे, आणि ते चार कोणते हे चेंडू हलेपर्यंत कळू द्यायचे नाहीत. क्वार्टरबॅकला क्षणभर थांबून पाहावे लागायचे. ब्राऊन यांचा बचाव त्याला तो क्षण थांबायला लावतच नव्हता, कारण काय येणार ते त्याला ठाऊक होते. कोण कुणाला चिकटणार, मध्ये कुठे जागा रिकामी राहणार, हे आधीच वाचता येत होते. आक्रमकता ब्राऊन यांचा गुण होता. ती उघड्यावर ठेवणे हा त्यांचा दोष. दुबळ्या संघाला बेत कळूनही उत्तर नसते, म्हणून ऑक्टोबरपर्यंत हा दोष झाकला जायचा.

खेळाडूच कमी पडले हा समर्थकांचा शेवटचा बचाव. 2018 पुरता तो टिकत नाही. त्या बचावातले डेविन बुश आणि रशान गॅरी पुढच्या वसंतात ड्राफ्टमध्ये दहावे आणि बारावे निवडले गेले. 2020 ला तो बराच खरा आहे. महामारीत वसंतातला सराव झाला नाही, कॉर्नरबॅक ॲम्ब्री थॉमसने खेळायचेच नाही असे ठरवले, हचिन्सन तिसऱ्या सामन्यात जायबंदी झाला. तरीही आदल्या आठवड्यात रटगर्सकडून हरलेल्या मिशिगन स्टेटचा रिकी व्हाइट 196 यार्ड झेलून जातो, तोही अनुभव नसलेल्या कॉर्नरबॅकना तसेच एकटे सोडल्यामुळे, तेव्हा त्या अगतिकतेची जबाबदारी आखणाऱ्यावरच येते. हंगाम 2-4 असा संपला आणि ब्राऊन यांची नोकरी गेली.

पण ती एकट्या ब्राऊन यांची का जावी? 2018 चा पराभव मी माफ करायला तयार आहे. देशातल्या पहिल्या बचावाचे नेमके वर्म ओहायो स्टेटने शोधले, आणि असे कुणाही प्रशिक्षकाचे होऊ शकते. पण त्यानंतर मुख्य प्रशिक्षक जिम हारबॉ काय करत होते? त्या हिवाळ्यात बचावाचे दोन सहायक, ग्रेग मॅटिसन आणि अल वॉशिंग्टन, सरळ ओहायो स्टेटला जाऊन मिळाले. एवढे होऊनही त्या वर्षी हारबॉ यांनी ब्राऊन यांच्या शेजारी दुसऱ्या घराण्यात तयार झालेला, त्यांच्याशी भांडू शकेल असा माणूस आणून बसवला नाही. जॉन हारबॉ हे त्यांचे सख्खे भाऊ 2008 पासून रेव्हन्सचे मुख्य प्रशिक्षक होते आणि मॅकडॉनल्ड 2018 मध्येही तिथेच लाइनबॅकरांना शिकवत होते. जो फोन 2021 च्या जानेवारीत गेला, तो दोन वर्षे आधीही जाऊ शकला असता. 56-27 चा पराभव, विस्कॉन्सिनकडून घरच्या मैदानावरचा 49-11, ही सारी त्या न केलेल्या फोनची किंमत आहे, आणि तिच्यात हारबॉ यांचा वाटा ब्राऊन यांच्याहून कमी नाही.

हचिन्सन, डॅक्स हिल, डेविड ओजाबो, 2021 च्या ज्या फळीने ओहायो स्टेटला झोपवले, तिच्यातली ही मुले मिशिगनला आली तेव्हा बचाव ब्राऊन यांच्या हाती होता आणि कॉलेज फुटबॉलचे पहिले धडे त्यांनी तिथेच गिरवले. म्हणून 62 चा आकडा ब्राऊन यांच्या नावावर लिहिणाऱ्या चाहत्यांना माझे सांगणे आहे की 2021 च्या विजयाचाही एक हिस्सा त्याच नावावर लिहा.