टेकडी शहराची, तोटा मात्र सातबाऱ्यावरच्या नावाचा?

पुण्यात १९९७ मध्ये समाविष्ट झालेल्या २३ गावांतील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे, म्हणजेच बीडीपीचे आरक्षण आहे. बाणेर, पाषाण, बावधन, वारजे, कात्रज अशा भागांतील सुमारे ९७५ हेक्टर जमीन त्यात येते. २०१५ मध्ये राज्य सरकारने आरक्षण कायम ठेवले. मात्र मोठा भाग अजूनही खासगी मालकीचा आहे. सातबारा मालकाच्या नावे, पण बांधकामास मनाई, अशी ही कोंडी आहे.

मालकांची तक्रार काय?

मोबदल्याचा आकडा पाहा. बीडीपीतील जागेसाठी ८ टक्के टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क ठरवण्यात आला. १० गुंठे म्हणजे साधारण १,००० चौरस मीटर जमीन दिली, तर हाती येतो ८० चौरस मीटरचा टीडीआर. गावठाणाबाहेर उद्यान किंवा रस्त्याच्या आरक्षणात तेवढीच जमीन गेली, तर नियमानुसार सुमारे दुप्पट, म्हणजे २,००० चौरस मीटर मिळतो. एकाच शहरात, एकाच कायद्याखाली एवढी तफावत का, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

आरक्षण आणि झोन यांत फरक काय?

आरक्षण म्हणजे ती जमीन सार्वजनिक कामासाठी संपादित होणे अपेक्षित असते. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत संपादन झाले नाही, तर एमआरटीपी कायद्याच्या कलम १२७ नुसार मालक खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत पावले उचलली नाहीत, तर आरक्षण संपुष्टात येते. डोंगरमाथा-डोंगरउतार हा मात्र झोन आहे. तिथे बांधकामावर कडक मर्यादा असतात, पण संपादनाचे बंधन कुणावरच नसते. म्हणून आपल्या गटावर नेमके काय आहे, हे झोन दाखला आणि भाग नकाशा घेऊन आधी तपासावे.

मग टेकड्या खुल्या कराव्यात का?

नाही. टेकड्या पावसाचे पाणी मुरवतात. त्या उघड्या-बोडक्या झाल्या, की तेच पाणी वेगाने ओढ्यांत उतरते. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याच्या पुराने पुणेकरांचे बळी घेतले. ओढे आणि उतार अडवण्याची किंमत काय असते, हे तेव्हा दिसले.

पण नुसती बंदीही टेकडी वाचवत नाही. रास्त मोबदला नसेल, तर जमीन गुंठ्या-गुंठ्याने नोटरीवर विकली जाते आणि रातोरात पत्र्याची शेड उभी राहते. घेणारा फसतो आणि टेकडीही जाते.

२०२५ मध्ये राज्य सरकारने निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर अभ्यासगट नेमला. बांधकामाची सवलत हा सोपा तोडगा आहे, पण तो टेकडीच्या मुळावर येणारा आहे. त्याऐवजी मोबदला वाढवावा. फेरफार नोंदी तपासून पिढीजात, अल्पभूधारक मालकांना तो आधी आणि मुदतीत द्यावा. अलीकडे स्वस्तात जमीन घेऊन सवलतीची वाट पाहणाऱ्यांना त्याच रांगेत बसवू नये.

हवा आणि पाणी सगळ्या शहराला मिळते. मग त्याचे बिल एकट्या जमीनमालकाच्या नावे फाडणे न्यायाचे नाही. आरक्षणाच्या दहा वर्षांचा हिशेब आता पुढे आला आहे. टेकडी हवी असेल, तर महापालिका आणि सरकारने तिची किंमत मोजली पाहिजे.