गिरणी राणीची, गिरणी देशाची

मिहानमध्ये टीसीएसला लागायचं स्वप्न बघताय? मग टाटांची नागपुरातली जुनी पाटीही बघा. १ जानेवारी १८७७ ला व्हिक्टोरिया भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली. त्याच दिवशी जमशेटजींनी इथली कापडगिरणी सुरू केली. कंपनीचं नाव लांबलचक, पण तोंडी बसलं ते ‘एम्प्रेस’. पुढे १८८६ मध्ये कुर्ल्यातल्या गिरणीला त्यांनी नाव दिलं ‘स्वदेशी’. आदल्याच वर्षी मुंबईत काँग्रेस स्थापन झाली होती! मालक तोच, धंदा तोच. हवा तेवढी बदललेली. भावना खरीही असेल, पण सूत टिकाऊ आहे का, हे दोन्ही नावं सांगत नव्हती. वर्धा रोडवर सिग्नलला थांबलात की तिरंगी होर्डिंग वाचा. वस्तूबद्दल त्यात नेमकं काय लिहिलंय?