गरम गाडीचा रुसवा

दुकानामागच्या पडवीत किंवा गोदामाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली एखादी प्रीमियर पद्मिनी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आजही असेल. ती विकवत नाही आणि घेऊन लांब जाण्याचा धीर होत नाही. तक्रार बहुधा एकच असते. सकाळी चोक ओढला की पहिल्या सेलला सुरू होते. पण वाटेत चहाला थांबून वीस मिनिटांनी पुन्हा सेल मारावा, तर नुसती घरघरते, उचलत नाही. मग कॉइल बदलते, पंप बदलतो, प्लग बदलतात. गाडी होती तशीच राहते आणि बिल वाढते.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात हाच प्रसंग माझ्यावर आला. आमची पद्मिनी १९८३ साली थोरल्या बंधूंनी, म्हणजे अण्णांनी, नंबर लावून, दुकानाच्या उत्पन्नातून घेतलेली. आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, गाडी चालवीत नाहीत. ‘एकदा तिच्यातूनच सांगलीला जाऊ’ अशी त्यांची इच्छा होती. पुण्याहून निघालो, खंबाटकी घाट चढलो, आणि सुरूर फाट्याजवळ चहासाठी थांबलो. परत येऊन चावी फिरवली, तर गाडी ढिम्म. मी घाबरून चोक ओढला, ॲक्सिलरेटर पाच-सात वेळा दाबला, पुन्हा सेल मारला. बॅटरीचा आवाज खाली येऊ लागला. बाहेर ऊन रणरणत होते आणि घामाने थबथबलेले अण्णा आत बसून होते. माझा जीव गाडीपेक्षा त्यांच्यासाठी अधिक टांगणीला लागला होता.

दहा मिनिटे त्यांनी माझी धडपड पाहिली. मग शांतपणे म्हणाले, “अरे, चोक आत ढकल. आता पाय पूर्ण दाब आणि तसाच धर, अजिबात हलवू नकोस. मग सेल मार.” सात-आठ सेकंद सेल फिरला, इंजिन दोनदा खोकले, मागून काळा धूर निघाला आणि गाडी सुरू झाली.

हे असे का घडते, याचे कारण समजून घेतले की निम्मा घोर जातो. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून सुरू करताना हवेच्या मानाने पेट्रोल जास्त द्यावे लागते. ते काम चोकचे. काही कार्ब्युरेटरांत एक पाकळी हवेची वाट अडवते, काहींत जादा पेट्रोलासाठी वेगळी बारीक वाट उघडते, परिणाम एकच. इंजिन तापले की ही सवलत बंद झालीच पाहिजे. गाडी थांबवून इंजिन बंद केले की पंखा थांबतो, पाणी फिरायचे थांबते, आणि इंजिनातली उष्णता वर कार्ब्युरेटरकडे चढते. गाडी चालू असतानापेक्षा बंद केल्यावर पहिली काही मिनिटे कार्ब्युरेटर अधिक तापतो, ही गोष्ट मला निवृत्तीनंतरच उमगली. फ्लोट चेंबरमधले पेट्रोल त्या तापाने उकळते. ते एक तर आत सांडते आणि इंजिन ‘ओव्हर’ होते, किंवा पंपात आणि नळीत वाफ अडकून पुढे पेट्रोलच येत नाही.

दोन्ही दुखणी बाहेरून सारखी दिसतात, उपाय मात्र उलटे आहेत. म्हणून आधी निदान. चावी बंद करावी, जवळ कोणी विडी-सिगारेट ओढत नाही हे पाहावे, एअर क्लीनरचे झाकण काढावे आणि इंजिन बंद असतानाच हाताने थ्रॉटलचा दांडा एकदा हलवावा. पेट्रोलची बारीक धार दिसली, तर पेट्रोल पोहोचते आहे. त्यात उग्र वास येत असेल, आतली बाजू ओली दिसत असेल, तर इंजिन ओव्हर झाले आहे. अण्णांनी सांगितलेला उपाय तिथे लागू. पाय पूर्ण दाबल्याने हवेची वाट सताड उघडते आणि जादा पेट्रोल निघून जाते. पाय हलवला की प्रत्येक दाबाबरोबर एक पिचकारी आत जाते. धारच दिसली नाही, तर वाफ अडकली आहे. तेव्हा बॉनेट उघडून गाडी सावलीत निवू द्यावी आणि पंपावर ओले फडके ठेवावे. कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून सेल मारण्याचा उद्योग मात्र कोणीही करू नये. एक भडका आणि गाडीसह माणूस भाजतो. धारही ठीक आणि वासही नाही, अशा वेळी तापल्यावर दम सोडणारी कॉइल किंवा कंडेन्सर यांच्यावर संशय घ्यावा.

आता आमच्या गाडीची गोष्ट पुढे सांगतो. वर्षाच्या सुरुवातीला एका मेकॅनिकने कॉइल आणि पंप दोन्ही बदलले होते. तरी फरक नव्हता. सांगलीला पोहोचल्यावर मी माझी वही उघडली. बँकेतल्या सवयीने प्रत्येक वेळी भरलेले पेट्रोल आणि किलोमीटर त्यात लिहितो. लिटरमागे बारा किलोमीटर देणारी गाडी दोन महिन्यांपासून साडेनऊवर आली होती. तेरीज जुळत नसली की आपण आधी कोणत्या तारखेपासून फरक पडला ते शोधतो. तारीख काढली, तर त्याच आठवड्यात चोकची केबल बदललेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढले. मी आत बसून चोकची मूठ पूर्ण दाबली, भाच्याने कार्ब्युरेटरकडे पाहिले. मूठ आत बसली होती, पण तिकडचा दांडा जागेवर येऊन टेकण्याआधी दोन सूत अलीकडेच थांबत होता. केबल बसवताना तार ताणून स्क्रू आवळला होता. म्हणजे चोक कायमच थोडा ओढलेला. थंड इंजिनाला ते सोयीचे, म्हणून सकाळी गाडी चटकन सुरू होई. तापल्यावर मात्र आधीच जादा पेट्रोल, त्यात उकळून सांडलेले. प्लग काढले, तर काजळीने काळे. स्क्रू सैल केला, दांडा शेवटापर्यंत नेला, तार किंचित ढिली ठेवून पुन्हा आवळला. कामाला दहा मिनिटेही लागली नाहीत. कॉइल आणि पंपाचा खर्च आठवून मी गप्प राहिलो.

कार्ब्युरेटर उघडलाच, तर त्याच्याखालचे जाड, उष्णता अडवणारे पॅकिंग जागेवर आहे ना, तेही पाहावे. दुरुस्तीत ते हरवले की कोणी पातळ कागदी पॅकिंग लावून देतो. अलीकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत आले आहे. जुन्या पंपांच्या डायफ्रामला आणि रबरी नळ्यांना ते मानवत नाही, म्हणून नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात. हाताने दाबून मऊ किंवा चिरलेली लागणारी नळी तशीच ठेवणे म्हणजे गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकण्याची वाट पाहणे.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. त्या टॅक्सींवर हात बसलेले मेकॅनिकही आता थोडेच उरले आहेत. घरात एखादे अण्णा असतील, तर त्यांना एकदा बॉनेटजवळ खुर्ची टाकून बसवावे आणि विचारून घ्यावे.

आमच्या केबलच्या स्क्रूवर आता लाल रंगाचा एक ठिपका आहे, तो हलला की कळावे म्हणून. युक्ती अण्णांचीच. वहीत पुन्हा बारा लिहिले जातात, आणि येत्या मे महिन्यातल्या सांगलीच्या प्रवासासाठी पुढची सीट त्यांनी आत्तापासून धरून ठेवली आहे.