मंदीचे भाकीत आणि १ जुलै १८६५

मंदी येणार का, या प्रश्नाला अर्थतज्ज्ञ टक्केवारीत उत्तर देतात आणि आपण ती टक्केवारी पंचांगातल्या मुहूर्तासारखी वाचतो. माझे मत असे, की या भाकितांतली तारीख बाजूला ठेवावी आणि कर्जाकडे पाहावे. आजचा धागा त्यासाठीच, आणि तो आपल्याच रेल्वेमार्गावरून जातो.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि मागणी मुंबईकडे वळली. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ ची, कल्याणपर्यंतची १८५४ ची. पुढचे घाट मात्र तेजीच्याच काळात सर झाले: बोरघाट १८६३ मध्ये, थळघाट १८६५ च्या आरंभी. म्हणजे खानदेशचा कापूस कसाऱ्याचा घाट उतरून कल्याणमार्गे बंदरात नेण्याची वाट पुरी झाली, ती भाव कोसळायला जेमतेम काही महिने उरले असताना.

मधल्या काळात मुंबईत पैशाचा पूर आला होता. बँका, वित्तसंस्था, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या रोज निघत होत्या. बॅकबे रेक्लमेशनच्या ५,००० रुपयांच्या शेअरचा भाव ५०,००० च्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद यांचा शब्द म्हणजे पत. बँक ऑफ बॉम्बेलाही मोह आवरला नाही. १८६३ च्या कायद्याने तिच्यावरील जुने निर्बंध सैल झाले आणि ती शेअर तारण ठेवून कर्जे वाटू लागली. या बँकेत सरकारचेही भांडवल होते, हे विसरू नये.

आता खरा मुद्दा. युद्ध कधीतरी संपणार आणि कापूस उतरणार, हे कळायला अर्थतज्ज्ञ असण्याची गरज नव्हती. मंदीचे कारण आधीच ठाऊक होते. ठाऊक नव्हती ती तारीख. तेवढ्या एका अज्ञाताच्या भरवशावर लोकांनी शेअरचे वायदे केले, तेही १ जुलै १८६५ रोजी पुरे करायचे. ९ एप्रिलला जनरल ली शरण आला. ती बातमी मुंबईत पोहोचली आणि भाव घसरले. पण नुसत्या घसरणीने शहर बुडाले नसते. बुडाले ते वायद्यांमुळे. एकाचे देणे दुसऱ्याच्या येण्यावर, दुसऱ्याचे तिसऱ्याच्या, आणि सर्वांची मुदत एकाच दिवशी. प्रेमचंद रायचंदही सावरले नाहीत. १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली; त्याच वर्षी त्याच नावाने नवी बँक उभी राहिली, जी पुढे इम्पीरियल बँकेत आणि तिच्यामार्गे स्टेट बँकेत मिसळली.

तारखेच्या बाबतीत नंतरचे पंडितही फार पुढे गेले नाहीत. शेअर कायमच्या उंच पठारावर पोहोचल्याची ग्वाही आयर्विंग फिशर यांनी १९२९ च्या ऑक्टोबरात दिली, कोसळण्याच्या काही दिवस आधी. उलट ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्लूमबर्गच्या प्रारूपाने वर्षभरात अमेरिकेत मंदीची शक्यता १०० टक्के सांगितली. २०२३ मध्ये अमेरिकेची अर्थव्यवस्था वाढली. भारतात तर गणित आणखी निराळे: १९६५-६६ आणि १९७९-८० मध्ये राष्ट्रीय उत्पन्न घटले, त्यात मोठा वाटा दुष्काळाचा होता, आणि पावसाचे भाकीत अर्थतज्ज्ञांच्या हाती नसते.

रघुराम राजन यांनी २००५ मध्ये जॅक्सन होल येथे इशारा दिला, तेव्हा तारीख सांगितली नव्हती. वित्तव्यवस्थेत जोखीम कोठे साचते आहे, एवढेच दाखवले होते. असले भाकीत मला मोलाचे वाटते. त्याला मथळा मात्र मिळत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण वैयक्तिक कर्जांवरील जोखीमभार १०० वरून १२५ टक्के केला, म्हणजे अशा कर्जांमागे बँकांना अधिक भांडवल राखणे भाग पडले. १८६३ मध्ये कायद्याने नेमकी उलटी दिशा धरली होती. घोडबंदर रोडवर किंवा डोंबिवलीत घराचा हप्ता भरणाऱ्याने विकासदराच्या अंदाजाआधी असली परिपत्रके वाचावीत, आणि आपला हप्ता बदलत्या व्याजदराचा आहे की स्थिर, तेही पाहावे.