व्यक्ति तितक्या प्रकृति

‘व्यक्ति तितक्या प्रकृति’ ही म्हण आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडीं नेहमीं असते. पण औषधाची बाटली हातीं आली म्हणजे तिचा आपणांस सर्वस्वीं विसर पडतो. शेजाऱ्यास ज्या गोळीनें गुण आला, तीच आपल्या घरच्या आजाऱ्यास देण्यास आपण कचरत नाहीं. वडाची साल पिंपळास लावण्याचा हा प्रकार किती घातक आहे, हें दाखविण्याकरितां आम्ही दोन उदाहरणें देतों.

हिवतापाचे कांहीं जंतु यकृतांत दडून राहतात व ताप पुनःपुन्हां उलटतो. त्यांच्या नाशाकरितां प्रायमाक्विन नांवाचें औषध देतात. बहुतेकांस तें मानवतें. परंतु ज्यांच्या तांबड्या रक्तपेशींत ‘जी-६-पीडी’ हें एन्झाइम जन्मतःच कमी असतें, त्यांच्या पेशी या औषधानें फुटूं लागतात, लघवी काळसर होते व अंगांतील रक्त झपाट्यानें घटतें. याचें कारण १९५६ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं शोधून काढिलें. मुलग्यांस ही उणीव आईकडून येते, आणि स्त्रियांपेक्षां पुरुषांत तिचा त्रास अधिक आढळतो.

दुसरें उदाहरण शस्त्रक्रियेचें. त्या वेळीं स्नायु सैल करण्याकरितां सक्सिनिलकोलीन हें औषध टोंचतात. रक्तांतील एक एन्झाइम त्याचें विघटन करीत असल्यामुळें त्याचा अंमल सामान्यतः कांहीं मिनिटांतच ओसरतो. ज्यांच्या रक्तांत तें एन्झाइम नाहीं, त्यांस तासन्‌तास आपला आपण श्वास घेतां येत नाहीं. यंत्रानें तो चालू ठेवावा लागतो. हा दोष आई व बाप या दोघांकडूनहि आला म्हणजे पूर्णपणें प्रगट होतो. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच सोयरिकी करणाऱ्या दक्षिणेकडील आर्य वैश्य समाजांत तो अधिक असल्याचें वैद्यकीय अभ्यासांत नमूद आहे. मराठी, कानडी, तेलुगु व उर्दू बोलणारीं घरें जेथें शेजारीं शेजारीं नांदतात, त्या आमच्या सोलापुरास ही गोष्ट दूरची नव्हे.

यावर कोणी म्हणेल कीं, मग जात पाहून औषध द्यावें. आमचें मत याच्या अगदीं उलट आहे. ज्या समाजांत हा दोष अधिक, त्यांतहि बहुसंख्य लोक त्यापासून मुक्त असतात. आणि एका आईच्या दोन लेकरांपैकीं एकास औषध मानवावें व दुसऱ्यास बाधावें, असेंहि घडतें. समाज पाहून फार तर संशय घेतां येईल. निर्णय रक्तपरीक्षेनेंच व्हावयास पाहिजे. आणि ज्याच्या रक्तांत असा दोष निघाला, त्यास सोयरिकीच्या वेळीं नांवें ठेवणें हा तर उघड अन्याय होय; तो दोष त्यानें मागून घेतलेला नसतो.

रक्तपरीक्षेस पैसा पडतो; घरांतील वडील मंडळींस विचारण्यास कांहींच पडत नाहीं. कोणास कोणतें औषध बाधलें, भूल दिल्यावर कोणाचा श्वास लवकर परतला नाहीं, हें प्रत्येक घरानें एका वहींत लिहून ठेवावें, व डॉक्टरांनीं विचारण्यापूर्वींच ती वही त्यांच्यापुढें ठेवावी. डॉक्टरांनींहि हा प्रश्न विचारल्यावांचून औषध लिहूं नये. विद्यार्थी बंधुभगिनींनो, ज्या घरांत वडिलांस लिहितां येत नाहीं, तेथें ही वही आपणच लिहावयाची आहे. शाळेनें आपणांस अक्षरें शिकविलीं, त्यांचा याहून चांगला उपयोग कोणता?